गराजच्या दारातली बाई

मनोहररावांनी चित्र शेजारच्या सीटवर उभं केलं, गाडी सुरू केली आणि गाडी केकाटायला लागली. त्यांनी दारं तपासली, ब्रेक तपासला, समोरचे सगळे दिवे तपासले. मग डोक्यात प्रकाश पडला. शेजारी वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार होती. तीन वर्षांत त्या सीटवर किराण्याच्या पिशवीहून जड काही बसलं नव्हतं. त्यांनी वाकून पट्टा ओढला, बायकोच्या, शोभनाच्या, जुन्या सुती साडीत गुंडाळलेल्या चौकटीभोवती फिरवला आणि खटकन अडकवला. गाडी गप्प झाली.

“बसा बाई नीट,” ते म्हणाले. “शॉमबर्ग काही हाकेच्या अंतरावर नाही.”

नेपरव्हिलच्या त्या घराचं गराज दोन गाड्यांचं होतं. शोभनाची गाडी मुलाने, अनीशने, केव्हाच विकली, तरी मनोहरराव आपली गाडी डाव्या अर्ध्यातच लावत. उजवा अर्धा झाडूनपुसून लख्ख आणि रिकामा.

बाई म्हणजे साडीतलं ते चित्र. चित्र तरी कसलं, छाप. लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर उमटवायचं, असं काम. यान सूमेई नावाच्या चिनी चित्रकर्तीने केलेल्या चाळीस प्रतींतली ही तेविसावी. निळसर करड्या रंगात एका बाईचा चेहरा, अगदी समोरून. डोळे मिटलेले. डोक्यावर केसांच्या जागी कौलारू छपरं, एकाखाली एक, पार खांद्यापर्यंत उतरत आलेली, आणि कानाशी एका छपराखाली एवढीशी खिडकी. तोंड मात्र नाही. नाकाखाली थेट हनुवटी, गुळगुळीत.

वीस वर्षांपूर्वी शोभनाने ते शॉमबर्गच्या एका लहानशा दुकानातून आणलं, लायब्ररीतल्या नोकरीच्या पगारातून, कुणाला न विचारता. स्वयंपाकघरातून गराजकडे जायला जो अरुंद बोळ आहे, जिथे बूट, छत्र्या आणि वॉशिंग मशीन असतं, तिथे तिने स्वतः खिळा ठोकून ते टांगलं. मनोहररावांनी हरकत घेतली होती. एवढं चित्र घ्यायचं आणि चपलांपाशी लावायचं?

“तिथेच बरी आहे ती,” शोभना म्हणाली, आणि विषय संपला.

पाहुणे आले की मनोहररावांचा एक विनोद ठरलेला असे. “बाईला तोंड नाही. नवरा सुखी असणार!” पाहुणे हसत. शोभना चहाचे कप उचलता उचलता म्हणे, “तोंड नसलं तरी कान आहेत हो तिला.” मग पाहुणे जास्त हसत. विनोद करण्यापलीकडे मनोहररावांनी त्या चित्राकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते शोभना गेल्यावर. तेरावं झालं, अनीश बायको-मुलीला घेऊन अल्फारेटाला परतला. मंडळातल्या बायकांचे डबे महिनाभर आले आणि मग साहजिकच थांबले. शेजारचे कुमार आणि रेखा मुलाजवळ राहायला गेले. घर असं शांत झालं की फ्रिजची घरघर सोबतीसारखी वाटू लागली. अशाच एका दुपारी बूट काढता काढता मनोहररावांनी मान वर केली आणि ते चित्र पाहिलं. जन्मभर रेडिऑलॉजिस्ट म्हणून एक्स-रे वाचले त्याच पद्धतीने पाहिलं, चार कोपऱ्यांपासून सुरुवात करून हळूहळू मध्याकडे. आणि कपाळाशी थांबले.

भुवयांच्या किंचित वर एक ठिपका होता. लालसर, मसुराएवढा.

सगळं चित्र निळं-करडं आणि एवढाच एक लाल ठिपका! मनोहररावांना सगळा उलगडा झाला. म्हणूनच शोभनाने ही चिनी बाई घरात आणली. परक्या मुलखात अचानक आपलं माणूस दिसावं तसं झालं असणार तिला. शोभना स्वतः घराबाहेर टिकली लावत नसे. फार पूर्वी, अनीश तान्हा असताना, दुकानाच्या पार्किंगमध्ये एका टोळक्याने तिच्या कपाळाकडे बोटं दाखवून शिव्या घातल्या होत्या आणि घराच्या वळणापर्यंत गाडीचा पाठलाग केला होता. तेव्हापासून बाहेर पडताना टिकली काढायची आणि घरी आल्यावर पुन्हा लावायची, हा तिचा नेम झाला. पुढे काळ बदलला. मंडळातल्या पोरीसोरी ऑफिसला टिकल्या लावून जाऊ लागल्या. हिचा नेम काही सुटला नाही. म्हणून मनोहररावांना वाटे, तिला अशी एक बाई हवी होती जिला कुणासाठी कपाळ पुसावं लागत नाही.

हा शोध त्यांना इतका आवडला की त्यांनी तो अनीशला फोनवर सांगितला, रेखाला सांगितला, दातांच्या डॉक्टरलाही सांगितला. ऐकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा खुद्द बाईला सांगितला. तिथून बोलण्याची सवय लागली.

शोभनाच्या घरात ‘जातो’ म्हणायची बंदी होती. कुणी चुकून म्हणालंच तर ती त्याला दारातून मागे बोलावून ‘येतो’ म्हणायला लावी. मनोहररावांना रिकाम्या घराला ‘येतो’ म्हणणं वेड्यासारखं वाटे, पण मुकाट्याने बाहेर पडणं त्याहून वाईट वाटे. म्हणून ते बाईला सांगत. निघताना “येतो हो बाई”, आल्यावर “आलो”. कित्येक दिवस त्या घरात मोठ्याने उच्चारले गेलेले शब्द एवढेच असत.

आता घर विकलं होतं. अल्फारेटाला अनीशच्या घरी खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार होती. वय झालं, बर्फ उपसणं होत नाही, एकदा पाय घसरून झाला, मग नाही म्हणायला तोंड कुठलं? फक्त चित्राची गोष्ट निघाली तेव्हा सून फोनवर जरा घुटमळली.

“बाबा, बाकी काहीही आणा,” विनीता म्हणाली. “देवघर आणा, तुमचा रिक्लायनर आणा. पण ते चित्र नको, प्लीज. अनया फार घाबरते हो. थँक्सगिव्हिंगला आलो होतो ना, तेव्हा गराजकडे जायलाच तयार नव्हती. पुढच्या दाराने बर्फातून फिरून गाडीत बसली.”

“तोंड नाही म्हणून?”

“हो ना. म्हणजे, थोडं क्रीपी आहेच ते. सॉरी हं बाबा.”

विनीताचं काही चुकत नव्हतं. आठ वर्षांची नात रोज दचकत असेल तर आजोबांनी चित्राचा हट्ट धरायचा का? मनोहरराव “बरं बरं” म्हणाले. पण फोन ठेवला आणि त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. तिथे लेक असेल, सून असेल, नात असेल. सकाळी सगळे आपापल्या कामाला जातील, संध्याकाळी दमून येतील. त्यात ‘येतो’ कुणाला म्हणायचं? एका कागदासाठी जीव असा तुटतो हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मग त्यांनी ठरवलं, निदान तिला ओळखणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. शॉमबर्गचं ते दुकान अजून होतं. मालकीण मिसेस फांग फोनवर म्हणाल्या, जरूर आणा, मी सांभाळेन, माझ्याकडेही एक प्रत आहे.

दुकान एका इन्शुरन्स ऑफिसच्या आणि डोनटवाल्याच्या मधे होतं. पार्किंगच्या कडेला हिवाळ्यातल्या बर्फाचे काळवंडलेले ढीग अजून वितळायचे होते. मनोहररावांनी पट्टा सोडवला, चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि खांद्याने दार ढकललं.

मिसेस फांग सत्तरीच्या, बुटक्या, कामाचा ॲप्रन घातलेल्या. त्यांनी साडीचे वेढे सोडवले आणि कापड बोटांत चोळून पाहिलं.

“किती मऊ आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

“धुऊन धुऊन झालं आहे. माझ्या पत्नीची.”

त्यांनी मान हलवली आणि चित्र टेबलावर टेकवून उभं केलं. बरोबर मागच्या भिंतीवर त्यांची स्वतःची प्रत होती, नवव्या क्रमांकाची. दोन बाया एकाखाली एक, डोळे मिटून. तीच कौलं, तीच खिडकी. मनोहरराव खालून वर, वरून खाली पाहत राहिले. आपल्यासारखाच आणखी कुणी या चेहऱ्याबरोबर राहतो, हे त्यांना एकाच वेळी बरंही वाटलं आणि जरासं खुपलंही. तेवढ्यात त्यांना फरक दिसला.

“तुमची प्रत अपुरी आहे,” ते म्हणाले. आवाजात थोडी फुशारकी होतीच.

“अपुरी?”

“कपाळावरचा ठिपका नाही. माझ्या प्रतीत आहे. तुमचा उन्हाने उडाला असेल.”

मिसेस फांगनी चष्मा लावला, पुढे झुकल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“या छापात लाल रंगच नाही. यानने छापलं तेव्हा मी मदतीला होते. निळा आणि करडा, बस.”

“मॅडम, अशा ठिपक्यांवरच मी जन्मभर पोट भरलं आहे. एवढा ठिपका मला कळणार नाही?”

त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी चित्र उचललं आणि खिडकीशी नेलं. तिरपं ऊन काचेवर पडलं. घरातल्या बोळात एकच पिवळा दिवा होता, तोही छताला. उजेडात हे चित्र मनोहररावांनी कधी पाहिलंच नव्हतं.

ठिपक्याला सावली होती.

ठिपका जिथे होता तिथून किंचित खाली, कागदावर, एक छोटी गोल सावली पडली होती. छापलेल्या शाईची सावली पडत नाही. हे कळायला रेडिऑलॉजिस्ट असावं लागत नाही.

“काचेवर काहीतरी चिकटलंय,” मिसेस फांग म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं फडकं घेतलं आणि अंगठ्याचं नख पुढे केलं.

“नको! हात लावू नका!”

एवढ्या मोठ्याने ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मिसेस फांगचा हात तिथेच थांबला. मनोहररावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. मखमली कड, मरून रंग. एका बाजूने डिंक सुकून कड जराशी सुटलेली. या असल्या टिकल्यांची अख्खी पाकिटं तिच्या ड्रेसिंग टेबलात पडून होती. गेल्याच आठवड्यात त्यांनी ती स्वतः खोक्यात भरली होती.

ते जवळच्या खुर्चीवर बसले.

बाहेर जाताना टिकली काढायची, हे त्यांना ठाऊक होतं. काढून ती ठेवते कुठे, हे त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं. कुठेही निघायचं झालं की ते आधी जाऊन गाडीत बसत. शोभना बोळात क्षणभर रेंगाळे. गॅस बंद केला का ते बघत असेल, असं त्यांना वाटे, आणि ते एकदा हॉर्न वाजवत. परतल्यावर ती आधी आत शिरे, ते मागून पिशव्या घेऊन येत, तोवर टिकली तिच्या कपाळावर असे. त्या दिवशीही त्यांनी हॉर्न वाजवला होता. साधी तपासणी होती, तासाभरात घरी. शोभना “आले, आले” करत आली, गाडीत बसली आणि मागे घराकडे बघून नेहमीसारखं “येते हं” म्हणाली. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मासिक चाळता चाळता तिचं हृदय थांबलं.

टिकली तिथेच राहिली. आणि तिच्याखालून तीन वर्षं मनोहरराव ‘येतो’ आणि ‘आलो’ म्हणत जात-येत राहिले.

मिसेस फांगनी गरम पाण्याचा कप आणून त्यांच्या हातात दिला. बराच वेळ त्या चित्राच्या मागची दोरी तपासत बसल्या.

“तुमच्या मिसेस मला आठवतात,” मग त्या म्हणाल्या. “सगळे विचारतात, हिला तोंड का नाही. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी यानला विचारलं, ही बाई घरातून निघाली आहे की घरी आली आहे? यानला उत्तर देता येईना. मायदेशी चेंगडूला परत गेली, तरी फोनवर त्या प्रश्नाची आठवण काढायची.”

मनोहरराव पाणी प्यायले. जीभ भाजली, तरी पीत राहिले.

“चित्र ठेवून जाणार ना?” मिसेस फांगनी विचारलं.

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मिसेस फांगनी साडी उलगडली आणि दोघांनी मिळून चित्र पुन्हा गुंडाळलं, कपाळावरून पदर घट्ट ओढला जाणार नाही अशा बेताने.

परतताना मनोहररावांनी चित्राला पुन्हा पट्टा लावला. घरी आले, गाडी डाव्या अर्ध्यात लावली, बूट काढले आणि चित्र होतं तिथे खिळ्याला अडकवलं. “आलो,” म्हणायचं होतं, पण म्हणवेना. कुणाला म्हणतोय हे आज नक्की माहीत होतं, म्हणून म्हणवेना.

मग त्यांनी तिथेच उभं राहून अल्फारेटाला फोन लावला. विनीताने उचलला.

“दिलंत का हो बाबा चित्र? कुणी चांगलं भेटलं का?”

“सांगतो. आधी अनयाला दे जरा.”

पलीकडे थोडी कुजबुज झाली आणि नातीचा आवाज आला. “हाय, आजोबा.”

“अनया, बाळा, एक विचारू? त्या चित्रातल्या बाईची तुला भीती वाटते ना?”

“येस.”

“तिला तोंड नाही म्हणून?”

“नो.” मग आवाज बारीक करून म्हणाली, “शी टुक आजीज टिकली.”

“कधी?” मनोहररावांनी विचारलं.

अनया इंग्रजीत भराभर सांगत सुटली. ती एका उन्हाळ्यात इथे राहायला आली होती ना, तेव्हा आजी आणि ती रोज लायब्ररीत जायच्या. जाताना आजी आपली टिकली त्या बाईला लावायची आणि आल्यावर परत घ्यायची. कधीकधी अनयाला उचलून घ्यायची आणि तिला लावू द्यायची. मग आजी परत आलीच नाही, आणि त्या बाईने टिकली ठेवून घेतली. दिलीच नाही. प्रत्येक वेळी इथे आली की ती बघायची, टिकली बाईकडेच असायची.

“मम्मीला का नाही सांगितलंस गं?”

“मम्मीने विचारलं तोंडाची भीती वाटते का. आय सेड ओके.”

मनोहररावांना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. तिघं मोठी माणसं, त्यांतला एक एक्स-रे वाचणारा, आणि खरं काय ते या एवढ्याशा पोरीला ठाऊक.

“तिने घेतली नाही, अनया,” ते म्हणाले. “आजीने तिच्याजवळ ठेवायला दिली होती. इतके दिवस सांभाळली बघ तिने. पडू दिली नाही, हरवू दिली नाही. मला तर ठाऊकच नव्हतं.”

पलीकडे अनया विचारात पडली. ती विचार करत असली की जिभेचं टोक दातांत धरते, हे त्यांना माहीत होतं.

“ती अजून आहे?” अनयाने विचारलं.

“आहे. माझ्या समोरच आहे.”

“नीट चिकटलेली?”

“एक कड सुटली आहे जराशी.”

“देन प्रेस इट, आजोबा. आजी अंगठ्याने करायची. हळू.”

मनोहररावांनी फोन डाव्या हातात घेतला. उजवा अंगठा पँटला पुसला आणि काचेवर, दोन भुवयांच्या किंचित वर, टेकवला. काच गार होती. त्यांनी हळू दाबलं, आणि मग अंगठा उचलायचं ते विसरूनच गेले.

“झालं?” अनयाने विचारलं.

“थांब,” ते म्हणाले. “होतंय.”

“ओके. मग तिला आण. पण मम्मीला सांग, काच पुसायची नाही.”